चारुताची काच

४ मार्च २०१६
आले एकदाची औरंगाबादला. क्रांती चौकाजवळ खोली मिळाली. चौफेर नव्या इमारती उठताहेत आणि नळाला पाणी पाचव्या दिवशी, पण घरमालकीण कालिंदीताई मोठ्या प्रेमळ आहेत. प्रयोगशाळा तर झकासच. काचेवर कार्बनच्या नळ्यांचा काळा थर असतो, नळ्या केसाहून हजारो पटींनी बारीक. त्यांना चिकटलेले रेणू लेसर टाकला की आलेखात टेकडीसारखे उठतात. इथली रीत मजेशीर आहे: नव्या माणसाने काचेवर फुंकर मारायची आणि तो आलेख वहीत चिकटवायचा, म्हणजे पुढे कोणाच्या श्वासाने नमुना बिघडला ते कळतं. माझी टेकडी चांगली ऐटदार आली. काच माझ्या जागी आधी असलेल्या चारुताची, प्रयोगशाळेचे प्रमुख मधुसूदन सर यांनी भट्टीत तापवून साफ केलेली. ती न सांगताच गेली म्हणे. तिच्या चपला अजून दाराबाहेर आहेत.

११ मार्च
माझी काच डबीत सीलबंद होती. आज टेकडी दुप्पट. सर म्हणाले, पुन्हा डबी उघडलीत तर घरी जा. मी उघडलीच नव्हती. किल्ली शिपाई राजेंद्रकडे असते. माणूस गोड बोलतो, पण मला तो सरळ वाटत नाही.

१५ मार्च
राजेंद्र म्हणाला, "म्या हात बी लावला नाय, मॅडम." खोटारडा. खात्रीसाठी कोऱ्या काचेवर फुंकर मारली. माझी टेकडी निम्मीच आली. डबीतली मात्र अजून वाढली आहे.

१८ मार्च
वहीत चारुताची पानं सापडली. तिच्या रोजच्या फुंकरीची टेकडी खुजी होत गेलेली. शेवटचा आलेख सपाट. राजेंद्र खाली मान घालून म्हणाला, सरांनी तिची काच तापवली त्या दिवसापासून ती कोणाला दिसलीच नाही. मी उगाच त्याच्यावर आळ घेतला. खूप भीती वाटते.

२० मार्च
चहावर फुंकर घातली. साय हलली नाही. कालिंदीताईंना हाक मारली तर त्यांनी माझ्या आरपार पाहत दार लावून घेतलं.

२१ मार्च
सपाट.
नवी मुलगी आली आहे. सर तिला फुंकरीची रीत सांगताहेत — मी नको नको म्हणतेय — कोणी मान वर करत नाही —
राजेंद्र माझ्या चपला चारुताच्या चपलांशेजारी लावतोय.
सरांनी डबी उघडली. माझी काच चिमट्यात — भट्टी लाल झालीय — मी सरांचा हात धरलाय, तो माझ्या हातातून आर—