विमान बदलताना झालेली भेट

प्रिय चिंगे,

चार रविवार तू फोन करतेस आणि चारही रविवार मी तो नुसता वाजू देते. तू दादाला म्हणालीस म्हणे, ताई तोंड लपवतेय. लपवतेय गं, खोटं कशाला बोलू! पण कारण तेवढंच नाही. मेसेजवर लिहायला घेतलं आणि तीनदा पुसलं. शेवटी आज दुपारी दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून औषधांच्या कपाटामागे स्टूल ओढलं आणि कागदच घेतला. आई घरी शेजारणीजवळ आहे. तुझ्या नव्या वसतिगृहाचा पत्ता दादाकडून मिळाला.

आधी माझी चूक कबूल करते. नव्या नोकरीवर जायला तुला सरळ विमान होतं, ते मीच सोडायला लावलं. दादाकडून आईला घेऊन मी इकडे यायचं, वाटेत आमचं विमान जिथे बदलतं तिथेच त्याच दिवशी तुझंही बदलता येतंय, हे कळल्यावर मला काय आनंद झाला होता! इकडचा व्हिसा तुला दोनदा नाकारलेला, तुला रजा मिळेना, सहा वर्षांत तुझी नि आईची गाठ नाही. म्हटलं चार तास तर चार तास, विमानतळावर तर विमानतळावर. तू बिचारीनं विचारलंसही, ताई, तिथला व्हिसा लागेल का गं? आणि मी तुला झापलं, की बाहेर पाऊलच टाकायचं नाही तर व्हिसा कशाला, मी तीनदा गेलेय तिथून. गेलेय खरी, पण इकडच्या पासपोर्टवर. आईच्या पासपोर्टात इकडे कायम राहायचा परवाना, म्हणून तिलाही सूट. तुझ्याकडे दोन्ही नाही, आणि तुझ्या पासपोर्टवाल्यांना तिथे नुसतं एका विमानातून दुसऱ्यात बसायलाही व्हिसा लागतो. एका आईच्या पोटच्या आपण दोघी, तुला एक नियम आणि मला दुसरा असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दिवसभर लोकांना खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचून दाखवणारी मी, पण ते एक पान वाचलं नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

तुझा फोन आला तेव्हा आम्ही तिथे उतरून बाकावर टेकलो होतो. तू तिकडे विमान कंपनीच्या काउंटरपाशी हुंदके देत होतीस आणि मी तुझ्यावरच ओरडले, रडतेस काय, फोन दे त्याला. तो माणूस वाईट नव्हता गं. म्हणाला, मी यांना बसू दिलं तरी तिकडचे लोक पुढच्याच विमानानं परत धाडतील. मी भांडले, मग गयावया केली, आमची आई सगळं विसरत चाललीय हेही सांगून टाकलं. पुन्हा तोच नियम त्यानं हळू आवाजात वाचून दाखवला. त्याच्या हातात काही नव्हतं, माझ्या तर त्याहून नव्हतं. तुझ्यावर ओरडले त्याची माफी मागायची राहिली होती, ती आता मागते.

आईचं तुला मी आजवर झाकूनच सांगत आले. ती दादाला ओळखत नाही. मला तर ती बाई म्हणते. आंघोळ घातली की म्हणते, बाई, हात चांगला आहे हो तुमचा, तुम्ही कुणाच्या? मी म्हणते, तुमचीच. मग ती हसते, तिला वाटतं मी चेष्टा करतेय. वाईट वाटतं, नाही कसं वाटणार, पण आता सवय झालीय. चिंगी हे नाव मात्र तिच्या ओठावर पक्कं आहे. त्या बाकावर दर पाच मिनिटांनी विचारायची, बाई, माझ्या धाकटीचं विमान आलं का? मी तिला खरं सांगितलं. रडली. थोड्या वेळानं विसरली आणि पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं, तर पुन्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडली. तिसऱ्यांदा माझी जीभच रेटेना. म्हटलं, येतेय, बसा.

एकच्या सुमाराला एक मुलगी थोडी लंगडत आली आणि आईशेजारच्या खुर्चीत बसली. तुझ्याच वयाची, तुझ्यासारखीच सावळी, बाकी काही म्हणजे काही सारखं नव्हतं. आईनं तिचा हात धरला आणि म्हणाली, आलीस का गं चिंगे! मी उठले, तिला सांगायला तोंडही उघडलं. पण आईचा चेहरा बघितला आणि तशीच खाली बसले. त्या मुलीला आपल्या भाषेतला एक शब्द कळत नव्हता. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी नुसते हात जोडले. तेवढ्यावर काय समजली देव जाणे, पण तिनं हात सोडवून घेतला नाही. आई अर्धा तास बोलत होती, प्रश्न तिचे आणि उत्तरंही तिचीच. मी समोर बसून बघत होते आणि मला तुझा इतका राग आला, की तू का नाहीस इथे म्हणून! आणि मग आठवलं, कुणामुळे नाहीस ते.

इकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात तुझ्या व्हिसाचा अर्ज पुन्हा भरला. या वेळी प्रत्येक ओळ दोनदा वाचली. त्यांनी मुलाखतीची तारीख दिलीय ती नऊ महिन्यांनंतरची. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, तोवर त्यांना धाकटीचं नाव आठवेल याची खात्री मी देऊ शकत नाही.

आता ऐक. विमानतळावरच्या त्या दिवसापासून आईनं एकदाही विचारलं नाही की चिंगी कधी येणार. शेजारणीला सांगते, धाकटी भेटली हो, विमानतळावर आली होती. जेवण विसरते, मला विसरते, हे विसरत नाही. तुझा फोन मी घेत नाही तो एवढ्याचसाठी. स्पीकर लावला की तू पहिलं वाक्य म्हणशील, आई, मला येता आलं नाही गं. तुझी भेट मी घालवली, आणि ती झाली असं आता तुझ्याच तोंडून वदवून घेतेय, मला कळतंय सगळं. पण दुसरं काही सुचत नाही. तर लक्षात ठेव. तू हिरवा स्वेटर घातला होतास. जिन्यावरून घसरलीस म्हणून लंगडत होतीस, हे आईनंच ठरवलंय. तुझे हात गार होते. तू फारशी बोलली नाहीस, आई म्हणते पोर शांत झालीय. निघताना तू तिच्या गालाला गाल लावलास. या रविवारी फोन कर, मी उचलीन. ती विचारील, नीट पोचलीस ना गं तिथून? हो म्हण.

तुझीच,
ताई