गुंतवणूक आहे, घर नाही

५ जानेवारी, रविवार

स्वतःचं घर रिकामं ठेवून आपण दुसऱ्याच्या घरात भाडं भरून का राहायचं? बाबांनी आज चहा पिताना विचारलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, तीही कॉमर्सची. अभ्यास करून सांगते, असं म्हटलं. बाबा म्हणाले, सावकाश सांग, एकतीस वर्षं भाड्यानेच काढलीत.

स्थिती: वन बीएचके, दुसरा मजला, ताबा मिळून दोन महिने. त्यात बाबांच्या रिटायरमेंटचे सगळे पैसे आणि माझं वीस वर्षांचं कर्ज. योजना: याच्या भाड्यातून दुसरं घर, दोन्हींच्या भाड्यातून तिसरं. दहाव्या वर्षी आई-बाबांना लिफ्टवालं थ्री बीएचके. तोवर भावनेला जागा नाही. नियम पहिला: ही गुंतवणूक आहे, घर नाही.

आईला नीट समजावलं. तिने विचारलं, मग गुंतवणुकीची फरशी पुसायची की नाही? पुसायची, असं सांगितलं.

१४ जानेवारी, मंगळवार. दुपारी हाफ डे

भाडेकरूंसाठी अर्ज तयार केला. बावीस प्रश्न. सुरुवातीला एक परिच्छेद: मालक आणि भाडेकरू यांचं नातं माणुसकीचं असावं. आमच्या मालकीणबाईंनी एकतीस वर्षांत एक खिळा ठोकू दिला नाही. माझ्या भाडेकरूला तीन खिळ्यांची परवानगी.

पहिलं जोडपं आलं. कामाच्या दिवशी मीही पहिल्यांदाच तिथे गेले. विकत घेण्याआधी घर पाच वेळा पाहिलं होतं, पाचही वेळा रविवारी. बाकी दिवशी ऑफिस असतं. बेडरूमच्या खिडकीखाली टाइल्सचं गोडाउन आहे, हे माहीत होतं. रविवारी त्याचं शटर बंद असतं. आज उघडं होतं. रिव्हर्स घेताना ट्रक पीं पीं करतो. एकामागून एक सहा ट्रक आले. त्या बाई मला काहीतरी म्हणाल्या, ते ऐकू आलं नाही. मग दोघं गेली.

नियम: घर बघायला कामाच्या दिवशीही जावं. लाल पेनाने अधोरेखित केलं.

जाहिरातीत दुरुस्ती: 'शांत परिसर' खोडून 'जागता परिसर'. काही वाटलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

आई दर रविवारी माझ्याबरोबर झाडायला येते. मागच्या वेळी चटई आणली, ती तिथेच विसरली. आज दोन पेले आणि छोटी शेगडी. चार वस्तू मांडलेलं घर लवकर भाड्याने जातं, असं मी परवाच वाचलं. आईला कोणी न सांगता हे कळतं. तिला मार्केटिंगची उपजत जाण आहे. शिकली असती तर कुठे गेली असती.

आठवड्यात चौकशा: शून्य.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसात डबा खाताना भाषण दिलं. विषय: छोट्या गुंतवणूकदारांच्या चुका. आपल्यासारख्या घरांतल्या मुलींना हे कोण सांगणार? सातजणी होत्या. मुद्दे: कार्पेट एरियाच मोजावा, बिल्डर जिनासुद्धा आपल्याच गळ्यात मारतो. वर्षातले दोन महिने घर रिकामं राहणार, असं धरून चालावं. मेंटेनन्स, ब्रोकरेज आणि गळती आधीच धरावी. सगळी पुंजी एकाच घरात घालू नये.

यातलं मी काहीही केलेलं नाही, हे सांगायचं राहिलं. वेळ संपत आली होती.

अकाउंट्सच्या ताईंनी विचारलं, तुझं किती भाडं येतं गं? सध्या बाजाराचा अंदाज घेते आहे, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे त्याला रिकामं म्हणतात. सगळ्या हसल्या. मीही हसले असेन.

१ मार्च, शनिवार

दोन पार्ट्या घर बघून गेल्या. एक नर्स होती, रात्रपाळीची. तिला दिवसा झोपायचं होतं. ती खिडकीपर्यंत गेली आणि तशीच मागे फिरली. दुसरा एकटा मुलगा. प्रश्न सतरावा, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? त्याने लिहिलं, इथे नाही. मी त्याला नाकारलं. तत्त्वाचा प्रश्न आहे.

बाबांना केअरटेकर नेमलं. घर रिकामं दिसलं की भाव पडतो. सकाळी नऊला जातात, सहाला येतात. आई त्यांचा डबा घेऊन जाते, भांडी तिथेच घासते. म्हणते, तिथे नळाला जोर आहे. दोघं फारच मनावर घेऊन काम करतात.

एक तक्रार. बाबा दिवसभर खिडकीत उभे राहून ट्रकवाल्यांना रिव्हर्स सांगतात. स्वतः चौतीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. डावं काप, अजून काप, अरे बास, भिंत तुझ्या सासऱ्याची आहे का! आता ड्रायव्हरच खालून काका, काका अशा हाका मारतात. हे केअरटेकरच्या कामात बसत नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. बाबा म्हणाले, मग पगारातून काप. पगार नाही.

९ मार्च, रविवार

मालकीणबाई वर आल्या. त्यांचा मुलगा परत येतोय, आमच्या दोन्ही खोल्या त्याला हव्यात. एकतीस तारखेपर्यंत मोकळ्या करा म्हणाल्या. वर म्हणाल्या, तुमचं काय बाई, तुमचं स्वतःचं आहे. आईने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, आपण दुसरीकडे भाड्याने बघू. तिकडे राहायला गेलो तर उत्पन्न शून्य होईल. बाबा म्हणाले, आत्ता किती आहे? आत्ताही शून्यच आहे, पण हे शून्य वेगळं आहे. त्यात शक्यता आहे. त्यांना ते पटलं नसावं. आईने मालकीणबाईंचा कप उचलला आणि बराच वेळ घासत बसली.

१८ मार्च, मंगळवार

आठवडाभर ऑफिस सुटल्यावर खोल्या बघतेय. एकाला वयस्कर माणसं नकोत. दुसऱ्याला वर्षभराचं भाडं आगाऊ हवंय. तिसरे गृहस्थ चांगले होते, पण घराला खिडकीच नव्हती. चौथ्या मालकाने अर्ज भरायला दिला. अकरा प्रश्न. राग आला. अकरा प्रश्नांत माणूस काय कळणार?

आई विचारत नाही कुठे कुठे गेले होते ते. बाबांनी जानेवारीतल्या त्या प्रश्नाच्या उत्तराची आठवण करून दिली नाही.

२२ मार्च, शनिवार. संध्याकाळी

नवीन एजंटशी फोनवर बोलले. बजेट सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, एवढ्यात एकच आहे. टाइल्सच्या गोडाउनवर, दुसरा मजला.

मी पत्ता परत सांगायला लावला. त्याला वाटलं, गोडाउनमुळे. म्हणाला, आवाजाची सवय होते मॅडम. खरी अडचण मालकिणीची आहे. शिकलेली आहे, पण जरा हललेली. पेपर लिहायला लावते. तुम्ही फक्त हो ला हो करा. चार-पाच महिने पडलंय, मी तिला निम्म्यावर आणतो.

निम्मं आम्हाला परवडलं असतं.

घर कसं आहे, असं विचारलं. का विचारलं, माहीत नाही. म्हणाला, उजेड भरपूर. फक्त एक सांगून ठेवतो, तिथे बहुतेक कोणीतरी राहतंय. म्हातारा खिडकीत असतो आणि म्हातारी मागे कपडे वाळत घालते. मी दोनदा खालूनच परत आलो. मालकिणीला पत्ता नसेल.

विचार करून सांगते, असं म्हटलं.

२३ मार्च, रविवार

एकटीच गेले. वस्तूंची यादी करावी म्हणून वही घेतली होती.

चटया दोन. शेगडी, कुकर, पेले चार. बाबांचा रेडिओ. आईचा जुना चष्मा. गोळ्यांचं पाकीट, त्यावर पेनाने वार लिहिलेले. दोरीवर टॉवेल. मोरीजवळ आईच्या उंचीला आरसा, खिळ्यावर. बेडरूमच्या खिडकीत उशी, कोपर टेकायला. तिच्या मधोमध खळगा पडलेला.

चौथा पेला माझा होता. माझा कॉलेजचा, ज्याच्या काठाला पोचा आला आहे तो. घरी गेले दोन आठवडे मी तो शोधत होते.

यादी अर्धीच झाली. काही वाटलं नाही. बराच वेळ उठले नाही, एवढंच.

३१ मार्च, सोमवार

दुपारी एजंटचा फोन. मॅडम, ते गोडाउनवालं अजून आहे, घेताय का? सांगितलं, गेलं. कोणाला दिलं म्हणे त्या बाईने? मी म्हटलं, एक रिटायर्ड ड्रायव्हर आणि त्यांची बायको. त्याने विचारलं, भाडं वेळेवर देतील का? मुलगी आहे पगारदार, ती दर महिन्याला भरेल, वीस वर्षं. एजंट म्हणाला, मालकीण नशीबवान आहे. फसली, असंही म्हणता येईल, असं मी म्हटलं. त्याला विनोद वाटला.

दुसऱ्या घराची योजना रद्द केलेली नाही, पुढे ढकलली आहे. मी हॉलमध्ये झोपणार. बेडरूममध्ये आवाज जास्त येतो, पण बाबांना तीच हवी होती.

जाहिरात काढायची की 'काही काळ स्थगित' असं लिहायचं, यावर मुद्दे काढायला बसले होते. मग लक्षात आलं, ती मी सकाळीच काढून टाकली होती. टेम्पो यायच्या आधी, आई भांडी बांधत असताना, उभ्याउभ्याच.