मारुतीच्या मापाचं कवच

शनिवार, ६ जून २००९. मुडबी.
गावच्या मारुतीला चांदीचं कवच करायचं ठरलं. काम मीच घेतलं. चांदी गावानं जमवलेली, वर माझ्या बायकोचे, अंबुबाईचे, तोडे. तिच्या आईचे. साबण लावून पायातून काढले. म्हणाली, "देवाच्या अंगाला लागणार म्हनून द्यायलेय." काळजी कशाची? नौबादच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवली. रिटायर झाल्यावर पुस्तकावरून कॅड, म्हणजे कंप्युटरवर ड्रॉइंग काढणं, शिकलो.

रविवार, ७ जून.
हावगेप्पा तांबट म्हणाला, "अण्णा, देवाच्या अंगावरच पत्रा धरतो अन् ठोकतो. दोन दिसाचं काम." बिचारा. अंदाजाचे दिवस गेले. पुठ्ठ्याचे छत्तीस साचे कापून माप घेतलं. पोट, गदा, शेपटीचं वेटोळं, सगळं.

सोमवार, २२ जून. सकाळी.
स्क्रीनवर शेपूट पोटातून आरपार निघाली. सरळ करायला गेलो तर गदा फुगली. पुन्हा पहिल्यापासून. चिडायचं नाही असा निश्चय.
दुपारी चिडलो.

शनिवार, ११ जुलै.
झालं! देव आणि चांदी यांत फट फक्त अर्धा मिलिमीटर. कांद्याला साल बसतं तसं बसेल. फाइल अन् चांदी कवच घडवायला हैदराबादला धाडली.

२५ जुलै. पहिला श्रावणी शनिवार.
देवळात बाया तेल-शेंदूर थापत होत्या. हे मापात धरलंच नव्हतं. कवच बसेपर्यंत शेंदूर बंद, असं सांगितलं. त्यातल्या सत्यभामाबाई म्हणाल्या, "कामून? देवाला काय लावावं ते आता तुझ्या कंपूटरला इचारावं का?"

१ ऑगस्ट.
देवळाला कुलूप घातलं. बायांनी काठीला बोळा बांधून गजांतून शेंदूर लावला. नेमका पोटावर.

शनिवार, १५ ऑगस्ट.
गाव जमलं. कवच खांद्यांवरून उतरलं, पोटाशी अडकलं. ना खाली, ना वर. जरा दाबा म्हणालो. चौघांनी दाबलं. कडकन वाजलं. वर्षानुवर्षांची शेंदराची खोळ फुटून खाली आली. दीड हाताचा देव, आतून सव्वा हाताचा निघाला. गदा नाही. शेपूटही नाही. तीन आठवडे मी नुसत्या शेंदराची शेपूट काढत होतो.
"देवानं कात टाकली!" म्हणून गाव पाया पडलं. कवच घालून पाहिलं. डालग्याखाली कोंबडं ठेवल्यागत झालं.
अंबुबाई माझ्याकडं बघत नव्हती.

शनिवार, २२ ऑगस्ट.
शांतपणे हिशोब केला. फट सत्तर मिलिमीटर. शेंदूर चढतो वर्षाला दोन. म्हणजे पस्तीस वर्षांत कवच बरोब्बर बसतं. डिझाइन चुकलेलं नाही, जरा लवकर झालंय. मी तेव्हा नव्याण्णव वर्षांचा असेन. अंबुबाईला हे नीट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, वाटीत शेंदूर कालवला अन् चपला घातल्या. म्हणाली, "पस्तीस वर्सं म्हनल्यावर आजच कामाला लागावं लागंल की. चला."
तेलाची बाटली घेऊन मागोमाग गेलो.