पाऱ्यावाचून काढलेले सोने

मी, राइली अन्नीक्की ओयानपेरा, जन्म १४ मार्च १९४७, अविवाहित, निवृत्त परिचारिका, राहणार इवालो, लाप्लँड, उत्तर फिनलंड, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे मन ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नसते. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. माझे ओढ्यावरचे शेजारी ओइवा क्यूरो "लवकर लिहा, मला वाचायचंय" असे दोनदा म्हणाले, त्याला मी दबाव समजत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे इवालोतले घर, मागची सौना म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, आणि लाकडाची खोपी ही माझी भाची मेरवी, म्हणजे माझा धाकटा भाऊ एस्को याची मुलगी, हिला द्यावीत. अट एकच. सौनातली लाकडाची भट्टी काढून तिथे विजेची बसवू नये. मेरवी हेलसिंकीत राहते आणि तिला घाई असते, म्हणून लिहून ठेवते.

२. बँकेतल्या शिलकेतून माझ्या अंत्यविधीचा खर्च करावा. कॉफी कडक असावी. उरेल ते निम्मे मेरवीला आणि निम्मे फिरत्या वाचनालयाच्या गाडीला. हिवाळ्यात त्या गाडीत बोटे गोठतात, पुस्तकाचे पान उलटत नाही.

३. आता सोन्याविषयी. हे कलम लांबेल.

हिएताओया ओढ्यावर हाताने सोने धुण्याचा माझा परवाना आहे. पहिल्या उन्हाळ्यापासून, म्हणजे १९९१ पासून, आजवर मी तिथे फावडे, थाळी आणि लाकडी पन्हळ यांखेरीज काही वापरलेले नाही. हा माझा छंद आहे, धंदा नव्हे. आमच्या ओढ्यात सोन्याचे गोटे सापडत नाहीत. सापडते ते पिठासारखे बारीक सोने, आणि तेही काळ्या वाळूत दडलेले. ही वाळू लोखंडाच्या कणांची, जड. थाळी कितीही फिरवली तरी ती सोन्याबरोबर तळाशीच बसते. त्यामुळे बहुतेक हौशी लोक चार ठळक कण चिमटीने उचलतात आणि काळी वाळू झुडपात भिरकावतात.

माझे वडील अल्बिन ओयानपेरा ती फेकत नसत. ते पोटासाठी सोने धूत. काळ्या वाळूत पारा मळत, पारा सोने गिळून घेई, आणि तो गोळा ते हिवाळ्यात आमच्या झोपडीत, चुलीवर, लोखंडी पळीत तापवत. दार बंद, खिडक्या बंद. पारा उडून जाई आणि पळीत सोने उरे. एस्को आणि मी शेजारी बसून ते पाहायचो. आम्हाला ती जादू वाटायची.

मी बारा वर्षांची झाले तोवर वडिलांचे हात थरथरू लागले होते. हिरड्यांतून रक्त येई. चमचा ओठांपर्यंत पोचायच्या आत सूप सांडे. मूळचा शांत माणूस, पण दार जोरात लागले तरी अंगावर येई. गावाने एका शब्दात निकाल लावला: दारुडा. चर्चच्या पायरीवर ते एकदा कोसळले तेव्हा एक बाई मोठ्याने म्हणाली, "रविवारीसुद्धा सोडत नाही मेला!" एस्को आठ वर्षांचा होता. त्याने वडिलांचा हात सोडला आणि पळत घरी गेला. १९६५ च्या फेब्रुवारीत वडील गेले, एक्कावन्नाव्या वर्षी. दफनाच्या दिवशी एस्को जंगलात जाऊन बसला. आई त्याला शोधायला गेली नाही.

पुढे चार वर्षांनी मी ओउलूला परिचारिकेचे शिक्षण घेत होते. विषबाधेच्या धड्यात पाऱ्याच्या वाफेवर अर्धे पान होते. हातांचा कंप. हिरड्या. विनाकारण संताप. मी वर्गातून उठून बाहेर गेले आणि सायकलींच्या शेडमध्ये उभी राहून रडले. त्याच संध्याकाळी एस्कोला पत्र लिहिले. त्याचे उत्तर दोन ओळींचे होते. "ताई, तू नर्स झालीस म्हणून दारुडा आजारी माणूस होत नाही. मला पुन्हा त्यांच्याबद्दल लिहू नकोस." मी पुन्हा लिहिले नाही. आम्ही नाताळला एकमेकांना कार्डे पाठवत राहिलो.

सोन्याच्या नादाला मी लागले ती त्या अर्ध्या पानापायी. वडिलांनी जे पाऱ्याने काढले ते पाऱ्यावाचून निघते का, एवढेच मला पाहायचे होते. निघते. काळी वाळू सुकवायची, चाळण्यांनी बारीक-जाड वेगळी करायची, फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक वरून फिरवून लोखंड उचलून घ्यायचे. उरलेली वाळू किंचित उतरत्या फळीवर पाण्याच्या पातळ धारेखाली चमच्या-चमच्याने सोडायची. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, नाहीतर बारीक सोने पाण्यावर तरंगत निघून जाते. सोनाराच्या दुकानातला केर धुणाऱ्या झारेकऱ्याची चिकाटी लागते. एका वाटीला एक दुपार. रात्रपाळ्या केलेल्या बाईला ते जड नाही.

४. ओइवा क्यूरो यांच्याविषयी. त्यांचा परवाना माझ्या वरच्या वळणावर. वय पंच्याऐंशी. माझ्या बादल्या पाहून ते ओरडायचे, "नर्सबाई, चूल सारवायला नेताय का ती राख?" आणि स्वतःची काळी वाळू माझ्या दाराशी आणून ओतायचे, थट्टेने. मी आभार मानून भरून घ्यायची.

२००३ च्या ऑगस्टमध्ये मी त्यांच्या झोपडीत कॉफी प्यायला गेले. त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला तेव्हा तो बशीवर वाजत होता. मी फळीवर पाहिले. जाड काचेची बाटली, अर्धी भरलेली, चकाकती.

"किती दिवस वापरताय?" मी विचारले.

"काय?"

"ओइवा, मी नर्स आहे, पोस्टातली बाई नव्हे. पारा."

"आमच्या पिढीला काही होत नाही त्याने," ते म्हणाले आणि लाकडे आणायला बाहेर गेले.

मी बाटली पिशवीत घातली, गाडीत ठेवली आणि थेट इवालोच्या घातक कचरा केंद्रावर नेऊन दिली. ही चोरी होती. मी ती इथे कबूल करते. पश्चात्ताप नाही.

ओइवा माझ्याशी नऊ वर्षे बोलले नाहीत. वाटेत दिसले तर टोपी खाली ओढत. वाळू ओतणेही बंद झाले. मीही हट्टी, गेले नाही.

२०१२ च्या जूनमध्ये ते तीन बादल्या काळी वाळू घेऊन आले आणि माझ्या फळीपाशी ठेवून उभे राहिले.

"हात कमी हलतात आता," ते म्हणाले.

"दिसतंय."

"नर्सबाई, मी रागानं गप्प नव्हतो. लाजेनं होतो."

मी त्यांना ओंडक्यावर बसवले. त्यांनी सांगितले ते त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण ते माझ्या इस्टेटीतले सगळ्यात मोलाचे आहे.

"तुमच्या वडलांना पारा मी आणून द्यायचो. विशीतला पोरगा होतो, सायकलवरून आणायचो. विष आहे हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? शंका मात्र यायची. पण अल्बिन पीत नव्हता हे मला ठाऊक होतं. सात उन्हाळे त्याच्या शेजारी काढले मी. गाव त्याला दारुडा म्हणत होतं तेव्हा मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर लोक म्हणाले असते, मग काय होतंय त्याला? आणि पाऱ्याची बाटली कोणी आणली?"

 मी वाळू फळीवर सोडायला घेतली, कारण हातांना काही काम हवे होते. ते शेजारी बसून पाण्याची धार सांभाळू लागले.

मी त्यांना क्षमा केली का? त्या दिवशी नाही. ऑगस्टअखेर, साधारण.

५. पुढच्या जुलैत मी एस्कोला फोन केला. म्हटले, "बाबांबद्दल पुन्हा लिहू नको म्हणाला होतास, म्हणून बोलतेय. ये." तो आला. बासष्ट वर्षांचा, पोट सुटलेला, शहरी बूट. ओइवांनी त्याच ओंडक्यावर बसून त्याला सगळे सांगितले, एकही शब्द न गाळता. एस्को डास मारायचेही विसरला.

शेवटी त्याने विचारले, "एकदाही नाही?"

"नाताळला एक ग्लास भरून घ्यायचा," ओइवा म्हणाले. "निम्मा तर हातातूनच सांडायचा. मग हसून उरलेला मला द्यायचा."

एस्को उठून ओढ्याच्या काठाकाठाने दूर गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "ताई, कबर कुठे आहे मला माहीत नाही गं." आम्ही तिघे एकाच गाडीतून गेलो. ओइवा दफनभूमीच्या फाटकाबाहेर थांबले. एस्को त्यांना आत बोलवायला गेला.

६. दर उन्हाळ्याचे सोने मी वेगळ्या काचेच्या कुपीत ठेवले आहे. कुप्या एकतीस. २०१६ ची नाही, त्या वर्षी माझे खुब्याचे ऑपरेशन झाले. चिठ्ठ्यांवर साल आणि हवामान लिहिले आहे. २०१२ आणि २०१३ च्या कुप्या एस्कोला द्याव्यात. उरलेल्या मेरवीला. तिने विकल्या तरी माझी हरकत नाही. सोने काढताना मला जे मिळायचे ते मिळून गेले आहे.

७. उतरती फळी, चाळण्या आणि लोहचुंबक ओइवा क्यूरो यांना. ते माझ्याआधी गेले तर एस्कोला. ओइवा साक्षीदार व्हायला निघाले होते. ज्याला वाटा मिळतो त्याची साक्ष चालत नाही, हे मी समजावले. "मग वाटा काढून टाका, मला सही करू द्या," असे म्हणाले. ऐकले नाही मी.

८. चर्चच्या पायरीवर बोललेल्या त्या बाईला क्षमा करावी म्हणून हे कलम लिहायला घेतले. ती वारून तीस वर्षे झाली. तरी अजून जमत नाही. कलम तसेच सोडते.

९. माझ्या पश्चात ओढ्याकाठचे सर्व खड्डे बुजवून वर शेवाळ पूर्ववत पसरावे. तिथे माझ्या नावाची पाटी नको.

१०. हे पान लिहीत असताना एस्कोचा फोन आला. त्याची बायको गेल्या शरदात वारली. तो यंदा नेहमीसारखा चार दिवसांसाठी नव्हे, अख्खा उन्हाळा येतो आहे. "ताई, बूट कुठले आणू?" मी म्हटले, "उंच आण. पाणी गार आहे यंदा." मग त्याने विचारले, बोलावल्याशिवाय आलो तर चालेल का. मी म्हटले, "गाढवा, खाट घालून ठेवलीये." म्हणून हे मृत्युपत्र सप्टेंबरअखेरीपूर्वी अमलात आणावे लागल्यास माझी मोठी गैरसोय होईल, याची संबंधितांनी नोंद घ्यावी.

इवालो, २९ मे २०२३

(सही) राइली अन्नीक्की ओयानपेरा

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना राइली ओयानपेरा यांनी हे आपले मृत्युपत्र असल्याचे सांगून त्यावर सही केली. आम्ही त्यांना ओळखतो. त्या पूर्ण शुद्धीत होत्या आणि कोणाच्याही दबावाखाली नव्हत्या. आम्हाला यातून काही मिळायचे नाही.

(सही) उल्ला टोर्विनेन, बेकरी चालक, इवालो

(सही) यारी सावुकोस्की, टपालगाडी चालक, इवालो