तिचा नंबर, माझ्या नावावर

३ मार्च, मंगळवार

पोरीचा मेसेज! पाच महिन्यांनी. आणि काय म्हणते — "बाबा, नवीन फोन घेतलाय. त्याला सिमचा खणच नाही, ई-सिम लागतं. नंबर तुमच्या नावावर आहे म्हणून इकडचे लोक करून देत नाहीत. माझ्या नावावर करून द्याल का?"

कसे आहात नाही, तब्येत नाही. सरळ कामाचं. माझ्यावरच गेली आहे.

नंबर माझ्या नावावर आहे. आहेच! ती कॉलेजात जायला लागली तेव्हा मी रांगेत उभं राहून घेतला होता. शेवटचे दोन आकडे दुकानाच्या नंबरचेच, मुद्दाम. दुकान पुढे तिलाच बघायचं होतं. झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल — आणि पाटीवर माझ्या नावापुढे "आणि कन्या" असं रंगाऱ्याकडून रंगवून घेतलं. तो म्हणाला, असं कोणी लिहीत नाही. म्हटलं, म्हणूनच लिही.

कन्या आता बंदरात क्रेन चालवते. ढगात टांगलेल्या काचेच्या खोक्यात बसून. तेही कंत्राटावर.

आज उत्तर दिलं नाही.

४ मार्च

उत्तर दिलं. "समोर ये. सही करून देतो." वाक्य नीट आहे. त्यात कुणाला खोट काढता येणार नाही.

दुपारी तिचं आलं. "सुट्टी घेतली तर पगार कापतात. पक्कं होईपर्यंत हलता येत नाही. तुम्हीच या ना."

मी! दुकान बंद ठेवून! अंगात ताप असताना उघडलंय हे दुकान. तिची आई गेली त्या आठवड्यात उघडलं. "उद्या या" असं मी आजवर एका गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही. आणि आता सिमकार्डासाठी शटर ओढायचं?

जमणार नाही म्हणून कळवलं. एवढंच. "जमणार नाही."

६ मार्च

परवा संध्याकाळी समोरच्या मोबाइलवाल्याकडे गेलो होतो. त्याला आम्ही सगळे ऑफरवाला म्हणतो, कारण तो नमस्कारसुद्धा ऑफरमध्ये घालतो. ई-सिमचं विचारलं तर म्हणाला, "काका, हवेतलं सिम असतं ते. तुमचं काम कागदाचं, तुम्ही कशाला डोकं शिणवता?"

आता बघच म्हटलं. मला झेरॉक्सचं मशीन कोणी शिकवलं होतं? ड्रम उघडून बसलो, तोंड काळं झालं, शिकलो.

दोन दिवस वाचतोय. इथे नीट लिहून ठेवतो.

हवेतलं वगैरे काही नाही. चिप असतेच. फोनच्या पोटात कारखान्यातच बसवून देतात, काढता येत नाही. बाहेरून येतं ते प्रोफाइल. म्हणजे तुम्ही कोण, तुमचा नंबर कोणता, हे कंपनीला पटवणारा मजकूर. चिप हा कोरा कागद, प्रोफाइल ही छपाई. आणि तो चौकोनी क्यूआर कोड म्हणजे छपाईचा मजकूर कुठून उचलायचा त्याचा पत्ता. संपलं.

ईआयडी हा चिपचा नंबर. आयएमईआय हा फोनचा नंबर. ऑफरवाला म्हणतो दोन्ही एकच. एकच म्हणे! बत्तीस आकडे आणि पंधरा आकडे एकच कसे होतील? त्याला मोजून दाखवले. म्हणाला, "काका, चहा घ्या."

अजून एक. फोनवर "सेवा नाही" आलं तर टॉवरच दिसत नाहीये. "फक्त आपत्कालीन कॉल" आलं तर टॉवर दिसतोय, पण तो तुम्हाला आपला म्हणायला तयार नाही. बहुतेक लोकांना हा फरक ठाऊक नाही. मला आहे.

एका फोनमध्ये दोन लाइन राहतात. हे वाचल्यावर थांबलो. चष्मा पुसला. परत वाचलं.

७ मार्च, शनिवार

माझा विचार असा.

मूळ सिम तिच्याकडे आहे, जुन्या फोनमध्ये चालू आहे. ते राहू दे. मी मालक म्हणून त्याच नंबरचं ई-सिम माझ्या फोनवर उतरवून घेतो. ओरिजिनल तिच्याजवळ, कॉपी माझ्याजवळ. तिचं आज काही अडत नाही. पण नव्या फोनवर नंबर हवा असेल तर तो माझ्याकडून न्यावा लागेल. म्हणजे यावंच लागेल.

ऑफरवाल्याकडून नवा फोन घेतला आणि दुपारच्या मोकळ्या वेळात कंपनीच्या काउंटरवर गेलो. काउंटरवरची मुलगी बोलायला गोड. "सर, आधीच्या सिमवर एक मेसेज जाईल. तिकडून नकार आला नाही तर संध्याकाळपर्यंत तुमचं ई-सिम चालू होईल. मग ते जुनं सिम—"

"मला सांगू नका," म्हटलं. "माझा अभ्यास झालाय."

"बरं सर," म्हणाली आणि पुढचं गिळलं.

क्यूआरचा कागद दिला. दुकानात येऊन आधी लॅमिनेट केला, मग स्कॅन केला. महत्त्वाचा कागद उघडा ठेवायचा नसतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

चालू! वर कोपऱ्यात दोन लाइनच्या दोन खुणा. एकीला "दुकान" नाव दिलं. दुसरीला काय द्यावं सुचेना, फोनने आपणहून "दुय्यम" टाकलं. राहू दिलं.

८ मार्च

सकाळी दुकानाच्या लाइनवर अनोळखी नंबर. दोनदा. मी अनोळखी नंबर उचलत नाही. नियम आहे. कर्ज, विमा, बक्षीस — मला काही नको.

मग दुय्यम वाजली. म्हटलं ही का वाजतेय?

"उस्ताद, तुमचा डबा खालीच राहिला. दोरीने वर पाठवू का?"

"राँग नंबर," म्हणून ठेवला. अर्ध्या तासात एक बाई. "अगं, टाकी भरून वाहतेय, मोटर बंद करून गेली नाहीस का?" पुन्हा राँग नंबर. मग कोणी स्टोअरवाला हातमोज्यांची सही मागत होता. तो तर माझ्यावरच उखडला. "राँग कसा असेल? रोज याच नंबरवर बोलतो आम्ही!"

काहीतरी गडबड आहे म्हणून तिला फोन लावला. एंगेज. थांबून लावला. एंगेज. तिसऱ्यांदा लावताना माझ्याच हातातल्या फोनकडे बघितलं आणि कळलं — मी मलाच फोन लावतोय.

९ मार्च

ऑफरवाल्याला "एका गिऱ्हाइकाचं" म्हणून विचारलं. तो हसला. "काका, नंबर एका वेळी एकाच ठिकाणी नांदतो. ई-सिम चालू झालं की जुनं कार्ड मेलं. प्लास्टिकचा तुकडा उरतो नुसता. ही काय झेरॉक्स आहे का?"

आणि तो क्यूआर? "एकदा वापरला की संपला. गिऱ्हाईक काय करतंय त्याचं?"

"काही नाही," म्हटलं. "जपून ठेवलाय."

माझ्या कामात ओरिजिनल ओरिजिनल राहतं. शंभर कॉप्या काढा, त्याला ओरखडा येत नाही. या लोकांनी गोष्टच उलटी करून ठेवली, आणि उलटं करणाऱ्यानं ठळक अक्षरात लिहायला नको? मी चुकलो असं मी म्हणणार नाही. नंबर माझा, सही माझी, फोन माझा. कायद्याने सगळं जागच्या जागी आहे.

तिच्या फोनवर आता "फक्त आपत्कालीन कॉल" दिसत असणार.

१० मार्च

काही कळवलं नाही. कुठे कळवणार? तिचा नंबर माझ्याच खिशात.

११ मार्च

फोन कमी झाले. तिने दुसरा नंबर घेऊन सगळ्यांना सांगितलेलं दिसतंय. सगळ्यांना.

आज एक म्हातारा आवाज आला. "हॅलो" म्हणायची वाट न बघता सुरू. "अगं ए, काल त्या वाऱ्यात तू तो कंटेनर ठेवलास ना, मी खालून बघत होतो. सत्तावीस वर्षं क्रेनवर काढली मी. माझा हात चालला नसता. नुसतं हे सांगायला केला, ठेवतो."

या वेळी राँग नंबर म्हटलं नाही. तो ठेवून मोकळा झाला.

मला आजवर कोणी उस्ताद म्हटलेलं नाही. काका म्हणतात, झेरॉक्सवाले म्हणतात. एक जण "ओ मशीन" म्हणतो.

म्हणून काय तिने दुकान सोडायचं?

१२ मार्च, गुरुवार

अकराला दुय्यम वाजली. बंदराच्या ऑफिसातून. माणूस यादी वाचतोय अशा आवाजात बोलला. "मुलीचे वडील का? बरं, निरोप द्या. पक्क्या भरतीची मेडिकल उद्या सकाळी नऊला. रिकाम्या पोटी. मूळ कागदपत्रं. आली नाही तर पुढच्या नावाला बोलवू." ठेवला. त्याच्या यादीत हाच जुना नंबर असणार.

इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय. पहिला विचार आला तो हा — निरोप गेला नाही तर पुढचं नाव लागेल. कंत्राट संपेल. मग कुठे जाईल? पाटीवरचं "आणि कन्या" अजून पुसलेलं नाही.

आणि मला कोणी काही म्हणू शकणार नाही. मी काय टपालखातं आहे? तिचे निरोप पोचवायचा मी ठेका घेतलाय? तिचा नंबर माझ्याकडे नाही, ही साधी सरळ गोष्ट आहे.

एका गिऱ्हाइकाच्या वीस प्रती काढल्या, सगळ्या तिरक्या. फुकट परत काढून दिल्या.

मग त्या म्हाताऱ्याचा आवाज आठवला. माझा हात चालला नसता.

आठ तारखेचा तो अनोळखी नंबर अजून यादीत होता. एकाच माणसाने रविवारी सकाळी पाठोपाठ दोनदा केलेला. विमावाले रविवारी करत नाहीत. अनोळखी नंबर उचलायचा नाही, हा नियम. उलटा फोन करायचा नाही, हाही नियमच. दोन्ही माझेच, मीच मोडणार! लावला. फोनने विचारलं — कोणत्या लाइनवरून? तिचाच नंबर वापरून तिला फोन! "दुकान" दाबलं.

"बोला, बाबा."

"हा तुझा नंबर?"

"हो. मी केला होता तुम्हाला. दोनदा."

"अनोळखी होता."

"हो, तुमचा नियम."

"का केला होतास?"

"असंच."

मी निरोप सांगितला. नऊ वाजता, रिकाम्या पोटी, मूळ कागद. "मूळ. झेरॉक्स चालणार नाही. म्हणून दाखव." तिने शाळेत म्हणायची तसं म्हणून दाखवलं. मग फोन कानाला दाबून धरला. तिकडून नुसता वारा.

"कुठे आहेस तू?"

"वर. जहाज लागायचंय अजून."

"खाली बघत जाऊ नकोस."

हसली. "बाबा, पगार खाली बघायचाच मिळतो मला."

ठेवताना म्हणाली, "तो नंबर राहू द्या तुम्हाला. मला हा चालतोय."

राहू द्या म्हणे! मी काय भीक मागितली होती?

१३ मार्च

नऊ वाजता घड्याळ बघितलं. सव्वानऊला बघितलं. साडेनऊला मशीनमध्ये कागद अडकला, बरं झालं.

१६ मार्च, सोमवार

पास. पक्की. मेसेज आला — "झालं." एका शब्दात. माझ्यावरच गेली आहे.

दुपारी काउंटरवर गेलो. तीच मुलगी. म्हटलं, हा नंबर पोरीच्या नावावर करा, तिची सही तिकडच्या काउंटरवर घ्या, तिच्या फोनवर चढवा. "सर, तुमच्याकडचं बंद होईल हं," म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"माहीत आहे," म्हटलं. "एका वेळी एकाच ठिकाणी."

तिच्याकडे चालू झाल्यावर माझ्या फोनमधलं प्रोफाइल मीच काढून टाकलं. फोन विचारतो, नक्की ना? परत विचारतो, नक्की? एवढं तर मला काउंटरवरही कोणी विचारलं नव्हतं.

मी हरलो म्हणून दिला असं नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. ती राहू द्या म्हणाली होती, मी राहू दिला नाही.

क्यूआरचा लॅमिनेट केलेला कागद गल्ल्यावर तसाच चिकटवलेला आहे. ऑफरवाला विचारतो, हे काय? म्हटलं, ऑफर.

१८ मार्च

तिच्या जुन्या नंबरवरून मेसेज आला. फोटो आहे, जुन्या फोनच्या पडद्याचा. त्यात कंपनीचा मेसेज, सात तारखेचा. "आपला नंबर ई-सिमवर हलवण्याची विनंती आली आहे. आपली संमती नसल्यास शून्य लिहून पाठवा."

शून्य पाठवलेलं नाही.

खाली तिने लिहिलंय — "तुम्हीच करताय हे लगेच कळलं. शून्य टाइप करून खोडलं. म्हटलं नेऊ देत, फोन बंद झाला की बोलायला तरी यावंच लागेल तुम्हाला. आठ तारखेला पत्ता सांगायला केला होता."

खाली पत्ता. इमारत, मजला, उतरल्यावर कुठल्या हाताला वळायचं. सगळं रीतसर.

प्रिंट काढली. लॅमिनेट केली. मग अजून एक कागद काढला, मोठ्या अक्षरात, आणि शटरवर चिकटवला.

उद्या दुकान बंद.