किल्ली कोणी काढली

कुबातदाजी,

तुमच्या कोटातून गाडीची किल्ली मी चोरली, असं तुम्ही साऱ्या कुरणावर सांगत फिरता म्हणे.

मी डॉक्टर नाही. पण डोंगरात उंचीवर, विरळ हवेत माणसाला काय होतं, ते पुस्तकं मागवून शिकलोय. तुमच्याकडे पाहुण्या आलेल्या हान्नाबाईंचे ओठ निळे पडले होते आणि छातीत घरघर होती. त्यांना तडक खाली न्यायलाच हवं होतं.

तुम्ही म्हणालात, “मेंढी कापलीय, एसेन! पाहुणी न जेवता माझ्या तंबूबाहेर पडली तर लोक तोंडावर थुंकतील.”

“दाजी, बाई मरेल!”

“हवेनं कोणी मरतं का? गरम रस्सा पाज, उठून नाचेल!” म्हणत तुम्ही किल्ली कोटात टाकलीत. पाहुण्याला असं प्रेमानं अडवायची आपली रीतच, मीही कितीदा अडवलंय. पण त्या दिवशी जेवणापर्यंत थांबायला वेळ नव्हता.

खाली नारीन शहरातल्या दवाखान्यात बाई वाचल्या.

किल्ली मला त्या दिवशी तंबूबाहेर पडतानाच, वाटेसाठी दिलेल्या नानच्या गाठोड्यात सापडली. गाठोडं कोणी बांधलं, हे तुम्ही लगेच ओळखाल, म्हणून हे पत्र पाठवत नाही. माझ्या बुरुलताईला तुमच्याच घरी राहायचंय.

तेव्हा खुशाल सांगत फिरा.

तुमचा चोर मेहुणा,
एसेन