गच्चीवरचं नवं

सुरगाणा,
९ जून २०२५

चि. सौ. तृप्तीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लहानूच्या जीपने बाबांना पाठवते आहे. दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढायचा म्हणजे महिना-दीड महिना तुझ्याकडे. पट्टी असताना त्यांना वाकू देऊ नकोस, आणि सकाळी नागलीची भाकरी लागते, पीठ बांधून दिलंय. इथे फोनला रेंज नाही. टेकडीवर चढून बोलायचं तर निम्मा पाडा कान लावून बसतो. त्यापेक्षा पत्रच बरं, लहानू नेईल-आणील.

तू मागितलंस ते भाताचं बियाणंही सोबत आहे. हळवं आहे, साडेतीन महिन्यांत हाती येईल. गच्चीवर टबात भात, तेही माशांच्या पाण्यावर! आम्ही चिखलात कंबर मोडून घ्यायची आणि तू बटण दाबायचं. गच्चीवरच्या पालकाच्या भाजीपाशी उभी राहून काढलेला तुझा फोटो पेपरात आला, तो बाबांनी साऱ्या पाड्याला दाखवला. स्वतःला दिसत नव्हता तरी दाखवला. माझा फोटो रेशनकार्डावरसुद्धा धड नाही.

आपली रीत विसरली नसशील. नव्या तांदळाचा पहिला घास बाबांचा, आणि ज्याच्याकडे भात आधी पिकेल त्याच्या घरी बाबा नवं जेवणार. अकरा वर्षं ते माझ्याच घरी जेवलेत. तेवढं ध्यानात असू दे.

योगेशरावांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
छायाताई


मखमलाबाद, नाशिक,
१८ जुलै २०२५

ती. सौ. छायाताईस,
सा. न. वि. वि.

एक डोळा झाला, दुसरा पुढच्या महिन्यात. पट्टी सुटल्यावर बाबांनी सगळ्यांत आधी काय पाहिलं असेल तर भाताची रोपं. आमच्याकडे नंतर पाहिलं.

तू चिडवतेस, पण बटण एकच आहे, ताई. खाली टाकीत चाळीस चिलापी मासे. त्यांचं घाण पाणी पंपाने वर भाताच्या टबात चढतं. भाताला त्यातच खत मिळतं, आणि गाळलेलं पाणी पुन्हा माशांकडे येतं. सगळं यांनी जोडलंय. बाबा खुर्ची टाकून तिथेच बसतात आणि माशांना दाणे टाकतात. मासे त्यांची सावली ओळखायला लागलेत. शेजारचे येतात, तेव्हा बाबाच सगळ्यांना समजावून सांगतात, जसं काही त्यांनीच शोधून काढलंय.

एक सांगायचं होतं. या वर्षीचं नवं माझ्याकडे करूनच बाबा परततील. माझ्या घरी त्यांनी ते कधीच केलेलं नाही. तू नाही म्हणणार नाहीस, अशी खात्री आहे.

दाजींना नमस्कार. धाकटीवर राग धरू नये, ही विनंती.
तुझी,
तृप्ती


सुरगाणा,
६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. तृप्तीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा पोटात दुखलं. खोटं कशाला सांगू?

आवणी उरकली, सगळी रोपं चिखलात लावून झाली. बाबांशिवायची ही पहिलीच. बांधावर उभं राहून ओरडायला कोणी नव्हतं, तर बायकांच्या हातांना वेगच येईना. दर दोन दिवसांनी कोणी ना कोणी विचारतं, म्हातारा कायमचा नाशिककर झाला का गं? मी हसण्यावारी नेते. घरी आल्यावर भांडी आपटते. तुझे दाजी म्हणतात, भांड्यांचा काय दोष.

तृप्ती, टबातल्या भाताचा काय भरवसा? पानंच माजतील, लोंबीच धरणार नाही. त्याच्यासाठी बाबांना अडकवू नकोस. दुसरा डोळा झाला की पाठव. तुला घर आहे, नोकरी आहे, पेपरात फोटो आहे. मला शेत आणि बाबा एवढंच आहे.

जास्त लिहीत नाही. आपलेपणा आहे म्हणूनच बोलते.
छायाताई


मखमलाबाद, नाशिक,
२९ सप्टेंबर २०२५

ती. सौ. छायाताईस,
सा. न. वि. वि.

दुसरा डोळाही छान झाला. बाबा आता सुईत दोरा ओवून दाखवतात, कोणी मागितला नसला तरी.

भात कमरेएवढं वाढलंय, पण अजून निसवलं नाही. एकही लोंबी नाही. लहानूने तुझ्या नव्या तांदळाचा डबा दिला. वास इतका सुरेख की जिन्यापर्यंत दरवळला. पण गच्चीवरचं नवं झाल्यावरच तो शिजवायचा असं ठरलंय, म्हणून फळीवर ठेवलाय. रागावू नकोस. इतके दिवस थांबलेत, थोडे आणखी.

तुमचा जीव आमच्यावर असू द्यावा.
तुझी,
तृप्ती


सुरगाणा,
९ ऑक्टोबर २०२५

चि. तृप्ती,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी आशीर्वाद.

डबा फळीवर ठेवला हे वाचून मी खळ्यातच बसले आणि रडले. मग हिशेबाला लागले की हे कोणामुळे झालं.

ते बियाणं हळवं नव्हतं. गरवं होतं. पाच महिने घेतं, नोव्हेंबर उजाडल्याशिवाय पिकत नाही. दोन्ही कणग्या शेजारी शेजारी आहेत, पण मी चुकले नाही, मी मुद्दाम दिलं. बाबांना दिसत नव्हतं, ते ओळखणार नव्हते. वाटलं, तुझ्या गच्चीवरचं भात माझ्या आधी पिकता कामा नये. एवढं एक तरी माझं राहावं. तू तुझ्या भातासाठी बाबांना थांबवून घेशील, हे कुठे माहीत होतं? माझ्याच हाताने मी त्यांना तिकडे दीड महिना जास्त बांधून ठेवलं.

बाबांना सांग किंवा नको सांगूस, तुझ्यावर सोडते. तुझ्या जागी मी असते तर सांगितलं असतं आणि वर तिखटमीठ लावलं असतं.

बहीण म्हणून नाव टाकू नकोस.
छाया


मखमलाबाद, नाशिक,
१६ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मला जुलैपासून माहीत आहे. पट्टी सुटली त्याच दिवशी बाबांनी एक रोप उपटलं, बुडाचा जांभळा रंग पाहिला आणि म्हणाले, हे तर आपलं गरवं हाय. रोप पुन्हा टबात खोचलं. मग म्हणाले, छायीचा हात बियाण्यात चुकत नाय. तुझ्यावर रागावले नाहीत. हसलेही नाहीत. लहानूकडून हळव्याची रोपं मागवू का, अजून वेळ आहे, असं मला विचारलं.

मी नको म्हणाले. रोपं आता मुळं धरताहेत, काढली तर पाण्याचं सगळं चक्र बिघडेल आणि मासे मरतील, असं सांगितलं. खोटं होतं ते, ताई. एका दुपारचं काम होतं. पण गरवं म्हणजे बाबा आणखी दीड महिना माझे. तुला ते रोज बांधावर असतात. मला शाळेसाठी मावशीकडे नाशिकला पाठवलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि तेव्हापासून सणावारी पाहुणीसारखी घरी येते. तुझ्या हातात त्यांचा कोयता पाहिला की मला काय वाटायचं, ते मी कधी सांगितलं नाही.

तुझा डबा फळीवर ठेवायचं मीच ठरवलं. बाबा त्याच संध्याकाळी शिजव म्हणत होते.

आणि हेही लिहून टाकते. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हापासून ते दर आठवड्याला विचारतात, लहानूची जीप कधी आहे. मी दर वेळी भाताकडे बोट दाखवते. ते मान हलवतात आणि खुर्चीत जाऊन बसतात. काल त्यांनी विचारलंच नाही. पिशवी भरून दाराशी आणून ठेवली होती आणि माझ्याकडे न पाहता माशांना दाणे टाकत होते.

रविवारी लहानूबरोबर त्यांना पाठवते आहे. डबाही सोबत देते. नवं तूच कर.

तुझी,
तृप्ती